एकच पोर्टल आले, तरी नोंदी जुळायला हव्यात

सगळे विभाग एका संगणक प्रणालीत आणले की ग्रामपंचायतीचा कारभार आपोआप सुधारेल, असे म्हटले जाते. दिशा बरोबर आहे, पण 'आपोआप' हा शब्द पटत नाही.

ई-ग्रामस्वराज हे पंचायतींसाठीचे केंद्र सरकारचे पोर्टल 24 एप्रिल 2020 ला सुरू झाले. प्लॅनप्लस, प्रियासॉफ्ट अशा वेगवेगळ्या प्रणालींतली आराखडा, हिशोब, कामांची प्रगती ही कामे त्यात एकत्र आली. ही मोठी सोय झाली, यात शंका नाही. पण गावकऱ्याचा संबंध येतो तो घराच्या नोंदीशी, आणि खरी तुटकता तिथेच आहे. घर विकले, दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला, तरी ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर (घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत) जुन्या मालकाचेच नाव राहू शकते. नव्या मालकाने वेगळा अर्ज करायचा, कागद पुन्हा जोडायचे. तोवर घरपट्टीची मागणी जुन्याच नावाने निघते. आमच्या शेजारच्या आजींना याच कारणाने चार चकरा माराव्या लागल्या, याचे फार वाईट वाटते.

म्हणून प्रत्येक मिळकतीला एकच क्रमांक द्या आणि तोच निबंधक, महसूल व पंचायत तिघांनीही वापरावा. नुसते संगणक वाढवून हे होणार नाही. आधी जुन्या वह्या आणि प्रत्यक्ष घरे पडताळायला ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) वेळ आणि माणसे द्यावी लागतील.