मनीची किडनी आणि चिकनचं पातेलं

परभणीची_पोर:
आमची मनी मांजर १४ वर्षांची. उन्हाळ्यात रांजणाजवळून हलेना, सारखी पाणी पिऊ लागली म्हणून रक्त तपासलं. क्रिएटिनिन (किडनी थकली की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) २.१, म्हणजे किडनीच्या आजाराचा दुसरा टप्पा. डॉक्टरांनी किडनीचं कोरडं खाणं लिहून दिलं. दोन दिवस झाले, वास घेते अन् निघून जाते. मी तर परत उकडलेलं चिकन सुरू करायलेय. मीठ, कांदा, लसूण काही नाही. या वयात जिवाला उपाशी मारायचं का?

गोदाकाठ (नांदेड):
ताई, माया कळते, पण हे चुकतंय. नुसत्या चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. थकलेली किडनी तो फॉस्फरस बाहेर टाकू शकत नाही, मग तो रक्तात साठतो आणि उरलेली किडनीही खराब करतो. पथ्याच्या खाण्यात मुख्य गोष्ट हीच, फॉस्फरस कमी केलेला असतो. आमच्या बोक्याने पण तोंड फिरवलं होतं. जुन्या खाण्यात चिमूटभर नवं घालत गेलो, सव्वा महिना लागला.

लातूरचा_भाचा:
सव्वा महिना धीर धरला म्हणून जमलं. ताईंनी एकदम बदललं, तिथं गडबड झाली. मांजर दोन-तीन दिवस जेवली नाही की चरबी लिव्हरवर चढते, जाड मांजरीला तर जास्तच धोका. त्यामुळे आज चिकन द्याच. आणि ‘किडनी आहे, मांस बंद’ म्हणत दूध-भाकरीवर आणू नका. मांजराला टॉरिन नावाचं गरजेचं पोषकद्रव्य मांसातूनच मिळतं. म्हातारपणी अंगावरचं मांस झडतं ते वेगळंच. अंग झडलं की क्रिएटिनिनही कमी दिसतं, आपण उगाच खूश होतो. दर महिन्याला वजन करा.

गोदाकाठ:
आज द्या, कबूल. पण कायमचं नको. सुकट आणि हाडं तर अजिबात नको.

परभणीची_पोर:
मग एवढं करते. चिकन चालू, त्यात पथ्याचं ओलं खाणं थोडंथोडं. कोरड्याचा हट्ट सोडला. आपल्याकडच्या ४२ डिग्रीत पाणी पोटात जाणं जास्त गरजेचं वाटतं. फॉस्फरस तपासलाच नव्हता, सोमवारी तपासून घेते.

गोदाकाठ:
४.६ च्या आत पाहिजे. जास्त आला तर डॉक्टरांना जेवणात मिसळायच्या औषधाचं विचारा. ब्लडप्रेशरही बघायला सांगा.

परभणीची_पोर:
आत्ता अर्धी वाटी खाल्ली तिनं.