फ्लॅटची लीज 80 वर्षांच्या खाली जाऊ द्यावी का? इंग्लंडमधील नव्या कायद्याची वाट पाहण्याविषयी

हॅरोकर

लंडनच्या वायव्येला हॅरो येथे आमचा फ्लॅट आहे. हिरव्या फितीने शिवलेला त्याचा भाडेपट्टा (लीज) परवा पुन्हा काढून वाचला. आमच्या फ्लॅटभोवती लाल रेघ ओढलेला नकाशा शेवटच्या पानावर आहे आणि पहिल्या पानावर मुदत आहे : 24 जून 1981 पासून 125 वर्षे. म्हणजे येत्या 24 जूनला 80 वर्षे उरतील आणि त्यानंतर आम्ही 80 च्या खाली जाऊ.

हा आकडा इंग्लंड आणि वेल्समध्ये का महत्त्वाचा, ते नव्याने घर घेतलेल्यांसाठी सांगतो. 1993 च्या कायद्यानुसार लीजधारकाला उरलेल्या मुदतीत 90 वर्षांची भर घालून घेण्याचा हक्क आहे आणि त्यानंतर ग्राउंड रेंट (मूळ मालकाला दरवर्षी द्यायचे भाडे) शून्य होते. त्यासाठी फ्रीहोल्डरला, म्हणजे इमारतीच्या व जमिनीच्या मूळ मालकाला, जी रक्कम द्यायची, तिच्यात त्याचे बुडणारे ग्राउंड रेंट आणि मुदत संपल्यावर फ्लॅट परत मिळण्याच्या हक्काची आजची किंमत धरतात. परंतु मुदत 80 वर्षांपेक्षा कमी उरली असेल, तर लीज वाढवल्यामुळे फ्लॅटच्या मूल्यात जी भर पडते, तिचा अर्धा वाटाही फ्रीहोल्डरला द्यावा लागतो. यालाच मॅरेज व्हॅल्यू म्हणतात. आमच्या सर्व्हेयरने (मालमत्तेचे मूल्य काढणाऱ्या तज्ज्ञाने) आज साधारण 9,800 पौंड आणि 79 वर्षे उरल्यावर 20,000 च्या आसपास असा अंदाज दिला आहे.

2024 च्या कायद्याने मॅरेज व्हॅल्यू रद्द करण्याची आणि 990 वर्षांची मुदतवाढ देण्याची तरतूद केली, म्हणून माझ्या ओळखीचे अनेक जण हातावर हात ठेवून बसले आहेत. कायदा मंजूर झाला असला, तरी ही कलमे अजून अमलात आलेली नाहीत. माझे स्पष्ट मत आहे की, ज्यांची मुदत 80 च्या उंबरठ्यावर आहे, त्यांनी वाट पाहू नये.

स्लाउची सातारकर

आपल्या फ्लॅटपुरता आपला निर्णय योग्य असेल, परंतु तो सल्ला म्हणून सगळ्यांना देऊ नये, अशी माझी विनंती आहे. आमची लीज 1998 मध्ये 99 वर्षांसाठी दिलेली आहे, म्हणजे 71 वर्षे उरली आहेत. आम्हांला सांगितलेली रक्कम 26,000 पौंडांच्या घरात जाते आणि त्यातले जवळपास 15,000 निव्वळ मॅरेज व्हॅल्यूचे आहेत. आम्ही एक वर्ष थांबलो, तर ही रक्कम साधारण हजार पौंडांनी वाढेल. म्हणजे आम्ही दरवर्षी हजाराची जोखीम घेऊन पंधरा हजार वाचण्याची शक्यता राखतो आहोत. शिवाय आज फ्रीहोल्डरच्या वकिलाचा आणि सर्व्हेयरचा वाजवी खर्चही आम्हीच भरायचा असतो. नव्या कायद्यात सर्वसाधारणपणे ज्याचा खर्च त्याने सोसायचा आहे.

कायदा कोर्टात अडकेल, या भीतीने पूर्वी लोक घाई करत होते. फ्रीहोल्डरांनी दिलेले आव्हान हायकोर्टाने ऑक्टोबर 2025 मध्ये फेटाळले. त्यामुळे घाई करण्याचे एक मोठे कारण कमी झाले, असे मला वाटते.

हॅरोकर

आपले गणित मला मान्य आहे, कारण 80 ची रेषा तुम्ही आधीच ओलांडलेली आहे आणि जे नुकसान व्हायचे ते झालेले आहे. आमच्यासारख्यांचे ते अजून व्हायचे आहे.

दोन गोष्टी मात्र आपल्या हिशेबात दिसत नाहीत. पहिली म्हणजे, नव्या पद्धतीत भविष्यातील मूल्य आजच्या मूल्यात आणण्याचा दर सरकार ठरवून देणार आहे. आज फ्लॅटसाठी तो ट्रायब्युनलच्या (अशा वादांचा निवाडा करणाऱ्या न्यायाधिकरणाच्या) स्पोर्टेली नावाच्या खटल्यातील निकालापासून साधारण 5 टक्के धरला जातो. तो 4 टक्क्यांवर आणला, तर मॅरेज व्हॅल्यू गेली तरी मूळ रक्कम मोठ्या प्रमाणात वाढेल. दुसरी गोष्ट गृहकर्जाची आहे. मुदत 70 च्या आसपास आली की अनेक कर्जदाते हात आखडता घेतात आणि उद्या फ्लॅट विकायचा झाला, तर ग्राहकाला कर्ज मिळणे अवघड होते. तुमच्या कर्जाचा ठरावीक व्याजदर कधी संपतो, ते जरूर पाहा.

केंटमधील घरमालक

मी दुसऱ्या बाजूचा आहे. आमच्या जुन्या घराचे 1988 मध्ये दोन फ्लॅट करून वरचा 99 वर्षांच्या लीजने विकला गेला आणि पुढे संपूर्ण घराचा फ्रीहोल्ड आम्ही कष्टाच्या पैशाने घेतला. वरच्या कुटुंबाने 99 वर्षांची किंमत दिली, कायमच्या मालकीची नाही. मुदतवाढीने त्यांच्या फ्लॅटचे मूल्य वाढते ते दोन हक्क एकत्र आल्यामुळे, आणि त्यातला एक हक्क आमचा आहे. मग वाढीचा अर्धा वाटा मागणे ही लूट कशी? प्रत्येक फ्रीहोल्डर म्हणजे बडी गुंतवणूक कंपनी, हे चित्र एकांगी आहे.

स्लाउची सातारकर

आपल्या कष्टांविषयी आदर ठेवूनच लिहिते. आमच्या घरातले स्वयंपाकघर, खिडक्या, बॉयलर सगळे आम्ही बदलले, इमारतीच्या छताचा खर्च सर्व्हिस चार्जमधून आम्ही भरला आणि मुदत मात्र दरवर्षी आमचीच कमी होत गेली. फ्लॅट परत मिळण्याच्या हक्काची भरपाई फ्रीहोल्डरला मिळावी, हे मी नाकारत नाही. ती 80 च्या वरही मिळतेच. 2002 च्या कायद्याने 80 च्या वर मॅरेज व्हॅल्यू माफ केली, तेव्हा 79 वर्षे उरलेल्यांकडून ती घेण्यामागे कोणते तत्त्व उरते? स्कॉटलंडमध्ये तर अशी लीजहोल्ड फ्लॅटची पद्धतच नाही.

वाशीची लेक

एक मधला मार्ग सुचवते. (आमचे माहेरचे घर सिडकोच्या 60 वर्षांच्या भाडेपट्ट्यावरच्या जमिनीवर आहे, त्यामुळे हा विषय घरातलाच.) मुदतवाढ मागणारी नोटीस फ्रीहोल्डरला द्यावी लागते आणि रकमेचा हिशेब ती दिल्याच्या तारखेचा धरतात. मग हॅरोकरांनी जूनपूर्वी नोटीस द्यावी आणि पुढची बोलणी नवा कायदा येईपर्यंत लांबवावी, हे शक्य नाही का?

हॅरोकर

मीही हाच विचार केला होता, परंतु तो धोक्याचा आहे. फ्रीहोल्डरच्या उत्तराला किमान दोन महिने द्यावे लागतात. ते उत्तर आले आणि रकमेवर एकमत झाले नाही, तर उत्तर मिळाल्यापासून सहा महिन्यांत ट्रायब्युनलकडे अर्ज करावाच लागतो. तो राहिला, तर नोटीस मागे घेतली असे धरले जाते, समोरच्याचा खर्च आपल्या माथी बसतो आणि पुढचे बारा महिने नवी नोटीस देता येत नाही. तोवर आमची मुदत 79 झालेली असेल.

फ्रीहोल्डरचे एक पत्रही मधल्या काळात आले आहे : नोटीस न देता 6,500 पौंडांत लीज पुन्हा 125 वर्षांची करून देऊ, सध्याचे ग्राउंड रेंट मात्र उरलेली 80 वर्षे चालू राहील. रक्कम कमी दिसते म्हणून घरी थोडी चर्चा झाली. पण कायद्याने 90 वर्षे मिळत असताना 45 घ्यायची आणि वर वर्षाला 150 पौंड भरत राहायचे, हे मला पटत नाही. 990 वर्षांचा मोहही मला नाही. 80 मध्ये 90 मिळवले की 170 होतात.

सॉलिसिटरने नोटिशीचा मसुदा पाठवला आहे. तिच्यात आम्ही देऊ केलेली रक्कम लिहावी लागते आणि ती अवास्तव कमी असेल, तर नोटीसच बाद ठरू शकते. म्हणून 8,500 लिहून सोमवारी आम्ही दोघेही सही करणार आहोत.