मदत हवी आहे: मराठी सबटायटलसाठी जमिनीच्या ‘क्लेम’ला शब्द

‘फार अँड अवे’ (१९९२, दिग्दर्शक रॉन हॉवर्ड) या चित्रपटाची मराठी सबटायटल करतोय. आयर्लंडचा भाग सुरळीत झाला: जमीनदार, कूळ, खंड, थकबाकी, सगळे शब्द आपल्याकडे तयार आहेत. गाडी अडलीय ती ओक्लाहोमात, शेवटच्या शर्यतीत.

संदर्भ १६ सप्टेंबर १८९३ ला ओक्लाहोमातल्या चेरोकी आउटलेट या पट्ट्यात जमिनीसाठी झालेल्या शर्यतीचा. दुपारी बारा वाजता बार उडाला की घोडे, छकडे सुटायचे. १६० एकरांचा मोकळा तुकडा दिसला की काठी रोवायची, मग सरकारी कचेरीत नोंद. काठी रोवली म्हणजे मालकी मिळाली असं नाही. त्यासाठी पुढे तिथं राहून जमीन कसावी लागे. नेमका हा मधला टप्पा म्हणजे ‘क्लेम’.

‘दावा’ वापरून पाहिला, पण लगेच कोर्ट आठवतं. ‘कब्जा’ला बळजबरीचा वास येतो. (जमीन मुळात चेरोकी या अमेरिकेतल्या आदिवासींची होती, तरी पात्राच्या तोंडी तो सूर नको.) ‘हक्क’ म्हटलं तर मालकी आधीच मिळाल्यासारखी वाटते आणि ‘सातबारा’ तर थेट तलाठ्याकडे नेतो. सध्या ‘जमीन धरली’ ठेवलंय, पण त्याचं नाम होत नाही. ‘माझा क्लेम’, ‘त्याचा क्लेम’ असे संवाद एकामागून एक येतात, तिथं नामच लागतं.

अटी: ओळीत जास्तीत जास्त ३८ अक्षरं, म्हणून शब्द आखूड हवा. १८९३ मधल्या शेतकऱ्याच्या तोंडी शोभेल असा हवा. तळटीप देता येत नाही.

खुंट रोवून धरलेल्या, पण अजून नावावर न झालेल्या जमिनीला तुमच्या भागात काय म्हणतात?