'कानेरु' लिहू की 'कानेनाइ'? मेलमधला नकार उलटा पडला

कोथरूडची_एन२
पुण्यात आयटी कंपनीत जपानी क्लायंटचे मेल-फोन मी बघते. मंगळवारी कळवायचं होतं, की शुक्रवारपर्यंत डिलिव्हरी जमणार नाही. जपानीत क्रियापदाला 'कानेरु' (अदबीत 'कानेमासु') जोडलं की 'करणं जमत नाही' असा अर्थ होतो, एवढं पाठ होतं. पण नकार द्यायचा म्हणून हात आपोआप नकारार्थी रूपाकडे गेला आणि मी लिहिलं, 'नोओहिन (डिलिव्हरी) इताशिकानेमासेन'. दहा मिनिटांत फोन: 'देकिमासु का, देकिमासेन का?' होणार आहे की नाही? मला शब्दच सुचेना. अर्थ पाठ आहे, वापर जमत नाही. आणि सरळ 'देकिमासेन' (जमत नाही) लिहिलं तर काय बिघडतं?

योकोहामाची_मावशी
अगं, 'कानेरु'च्या पोटातच नकार आहे. पुन्हा नकाराचं 'नाइ' (अदबीत 'मासेन') लावलंस की अर्थ फिरतो. 'यारिकानेनाइ' म्हणजे आपलं 'तो असं करायला कमी करणार नाही'. 'जिको नि नारिकानेनाइ' म्हणजे 'अपघात व्हायचा एखादा'. कायम वाईटाचीच धास्ती. तुझ्या मेलचा अर्थ झाला, 'आमच्या हातून डिलिव्हरी होऊन बसेल की काय'!

मला हे क्रियापद मराठीतूनच उमगलं. 'मिरु नि मिकानेते' म्हणजे 'अगदी बघवेना म्हणून'. 'किमेकानेरु' म्हणजे 'ठरवता ठरेना'. डोळे धड असतात, पण मन धजत नाही. म्हणून पोहता येत नसेल तर 'ओयोगिकानेरु' म्हणायचं नाही, तिथे 'ओयोगेनाइ'च. 'देकिमासेन'ने दार बंद होतं. 'इताशिकानेमासु'त करायची इच्छा आहे, परिस्थिती करू देत नाही, असा सूर येतो.

याची कांजी, म्हणजे चिनी लिपीतलं अक्षर, कागदावर मोठी काढून बघ. मुळात ते एका मुठीत धरलेल्या धान्याच्या दोन धाटांचं चित्र आहे. म्हणून 'दोन्ही कामं एकात' हाही अर्थ: 'दाइ वा श्योओ ओ कानेरु', मोठ्यात लहानाचं काम भागतं. मी मनाशी धरलंय, दोन धाटं एका मुठीत मावेनात की झालं 'कानेरु'.

ओसाका_फ्रंटडेस्क
मावशींशी सहमत. फक्त मित्रांशी बोलताना वापरू नकोस, फार परकं वाटतं. मी हॉटेलच्या काउंटरवर दिवसभर 'वाकारिकानेमासु' (सांगता येणार नाही) म्हणतो, रूमवर आल्यावर 'वाकारानाइ' (माहीत नाही). आणि नुसता नकार देऊन थांबू नकोस, पुढे काय जमेल तेही सांग.

कोथरूडची_एन२
मावशी, 'बघवेना'ने डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आत्ताच पाठवलं: 'माकोतो नि मोओशिवाके गोझाइमासेन गा, किन्-योओबि मादे नो नोओहिन वा इताशिकानेमासु. गेत्सुयोओबि नो गोझेन्च्यू देशितारा कानोओ देसु.' माफी मागून शुक्रवारचं जमणार नाही, सोमवारी सकाळी देतो म्हटलंय.

उत्तर आलं: 'श्योओचि शिमाशिता.' ठीक आहे, समजलं!