प्रतिसाद: पुण्यालाच जायला हवं असं नाही
निपाणीच्या ताई, मुलीला बी.फार्म.नंतर मॉलिक्युलर फार्माकॉलॉजी (औषध पेशीतल्या रेणूंवर कसं काम करतं, त्याचा अभ्यास) करायचीय, तर पुण्याला पाठवू का, असं तुम्ही विचारलंत. लगेच धाडू नका. आधी जीपॅट (एम.फार्म.साठीची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) देऊ दे. त्यात पात्र ठरली तर मान्यताप्राप्त एम.फार्म.ला महिना १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळते. वेगळी पदवीही शोधायला नको, एम.फार्म. फार्माकॉलॉजीच्या पहिल्याच सत्रात सेल्युलर अँड मॉलिक्युलरचा पेपर असतो. रिसेप्टर (औषध पेशीत जिथं जोडलं जातं ती जागा), सिग्नलिंग (पेशीतली निरोपांची साखळी) पुस्तकातून कळेल की. प्रयोगशाळेत पेशी वाढवणं, वेस्टर्न ब्लॉट (नमुन्यातलं ठरावीक प्रथिन ओळखायची चाचणी) मात्र हातानंच शिकावं लागतं. त्यामुळं कॉलेज बघायला गेलात की सीओटू इन्क्युबेटर (पेशी वाढवायचं यंत्र) चालू आहे की नुसता झाकून ठेवलाय, हे सीनियर पोरांना विचारा (प्राचार्यांना नको!). बेळगावातच आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांवरची संस्था आहे. दुसऱ्या वर्षीच्या प्रबंधासाठी तिथं जरूर विचारून बघा.