मदत हवी आहे: बडोद्यात आणि आसपास आशियाई चित्रपट मूळ भाषेत, सबटायटल्ससह थिएटरात कसे पाहता येतील?

नमस्कार.

बडोद्यात किंवा बडोद्याहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा अंतरावर जपानी, कोरियन, इराणी, तैवानी असे आशियाई चित्रपट मूळ भाषेत आणि इंग्रजी सबटायटल्ससह थिएटरात पाहायचे आहेत. असे खेळ नेमके कुठे लागतात याचा माग कसा ठेवावा, आणि लागलेला खेळ खरोखरच मूळ भाषेतला आहे याची खात्री तिकीट काढण्यापूर्वी कशी करून घ्यावी, याबद्दल जाणकारांची मदत हवी आहे. यातले बरेच चित्रपट घरी टीव्हीवर पाहता येतात, त्यामुळे तो पर्याय कृपया सुचवू नये. प्रश्न थिएटरापुरताच आहे.

हा आग्रह कशासाठी, ते सांगते. माझ्या वडिलांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि गेली काही वर्षे त्यांना कमी ऐकू येते. कानाला मशीन आहे, पण ते समोरच्याचे बोलणे जसे मोठे करते, तसेच थिएटरातले पार्श्वसंगीत आणि गाड्यांचे, मारामारीचे आवाजही मोठे करते, आणि त्या कल्लोळात संवाद हरवून जातात. त्यामुळे हिंदी, मराठी, गुजराती चित्रपटांना जाणे त्यांनी सोडून दिले आहे. पडद्यावर संवाद लिहून येत असले की मात्र त्यांना कशाचीच उणीव भासत नाही. सत्तरच्या दशकात इथल्या फिल्म सोसायटीत, वकिलातींकडून आलेल्या १६ मिमीच्या प्रिंटांवर त्यांनी जपानी दिग्दर्शक कुरोसावा आणि ओझू यांचे चित्रपट पाहिले. सबटायटल्स वाचत असतानाच चेहऱ्यांकडे लक्ष ठेवण्याची सवय त्यांना तेव्हापासूनची आहे. म्हणजे मूळ भाषेतला परदेशी चित्रपट हा आता त्यांच्यासाठी थिएटरात बसून पुरता समजेल असा जवळजवळ एकमेव चित्रपट उरला आहे. दादासाहेब फाळके ज्या शहरातल्या कलाभवनात शिकले, त्या शहरात एका चित्रपटवेड्या माणसाला एवढे मिळायला हरकत नसावी, असे मला मनापासून वाटते.

अलीकडे आशियाई चित्रपट भारतातल्या थिएटरांत येऊ लागले आहेत, हे खरे आहे. कोरियन ‘पॅरासाइट’ इथे ३१ जानेवारी २०२० रोजी लागला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पुरस्कारासह चार ऑस्कर मिळाले. जपानी ॲनिमेशनची वाट तर त्याआधीच, २०१९ मध्ये, चाहत्यांनी ऑनलाइन याचिका करून मोकळी करून घेतली होती: माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ त्यानंतर ऑक्टोबरमध्ये इथे प्रदर्शित झाला, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यांचाच ‘सुझुमे’ आला. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर’ मालिकेतला ‘इन्फिनिटी कॅसल’ जपानीबरोबरच इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू भाषांतही लागला.

आमची अडचण या शेवटच्या वाक्यातच आहे. चित्रपट जितका मोठा, तितके त्याचे डब केलेले खेळ जास्त. मूळ भाषेतला खेळ असलाच तर तो रात्री उशिराचा असतो, आणि दुसऱ्या आठवड्यात बहुधा तोच आधी निघतो. हिंदी डबला सबटायटल्स नसतात, त्यामुळे वडिलांच्या दृष्टीने तो चित्रपट लागून न लागल्यासारखाच. तरुण मुलांना, विशेषतः लहान गावांतल्या प्रेक्षकांना, डबमुळे हे चित्रपट जवळचे झाले याचा मला आनंदच आहे. डब बंद व्हावे असे माझे म्हणणे नाही; निदान एक सोयीचा खेळ मूळ भाषेत राहावा, एवढीच अपेक्षा आहे.

मागे एकदा शहरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये तिकिटावर ‘जपानी’ असे स्पष्ट छापलेले पाहून आम्ही गेलो. दिवे मालवले, सेन्सॉरचे प्रमाणपत्र पडद्यावर आले, आणि ते दिसते न दिसते तोच वडिलांनी माझ्या मनगटावर बोट टेकवले. प्रमाणपत्रावर भाषेच्या जागी ‘हिंदी’ लिहिलेले होते आणि ते त्यांनी माझ्याआधी वाचले होते. मी बाहेर जाऊन विचारणा केली. तिथल्या व्यवस्थापकांनी सौजन्याने पैसे परत केले, पण ‘वरून जे येते तेच आम्ही दाखवतो’ यापलीकडे त्यांना काही सांगता आले नाही. पैशांचे दुःख नाही. संपूर्ण दुपार तयारी करून, रिक्षाने येऊन, जिने चढून बसलेल्या माणसाला पहिल्याच मिनिटाला उठावे लागले, याचे फार वाईट वाटले. त्यानंतर ते ‘तू जाऊन ये, मला सांग’ असे म्हणू लागले आहेत, आणि ते मला मान्य नाही.

तेव्हा विचारायचे आहे ते असे. थिएटरात कोणाला, कोणत्या शब्दांत विचारले असता खेळाच्या भाषेबद्दल भरवशाचे उत्तर मिळते? पुढच्या शुक्रवारचे खेळ बहुधा बुधवार-गुरुवारीच कळतात. त्याआधी अंदाज घेण्याची काही रीत आहे का? आम्ही वीस-पंचवीस माणसे जमवली, तर मूळ भाषेतला खेळ बडोद्यात मागवता येतो का? अहमदाबादपर्यंत जाण्याची आमची तयारी आहे. मुंबई-पुण्याला मुक्काम करावा लागेल, पण चित्रपट महोत्सवासाठी तेही करू. अशा महोत्सवांत वयस्क माणसाला कितपत झेपते, हे प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी सांगावे.

*

प्रतिसाद:

ताई, मी काही वर्षे सुरतेत एका मल्टिप्लेक्सच्या प्रोजेक्शन विभागात काम केले आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर खात्रीने देऊ शकतो.

आता चित्रपट डिजिटल स्वरूपात येतो आणि त्याची प्रत्येक भाषिक आवृत्ती स्वतंत्र नावाने सर्व्हरवर असते. त्या लांबलचक नावात भाषेचे दोन संक्षेप जोडून लिहिलेले असतात: आधी आवाजाची भाषा, मग सबटायटल्सची. जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल्स असतील तर ‘जेए-ईएन’, कोरियन असेल तर ‘केओ-ईएन’. सबटायटल्स नसलेल्या हिंदी डबसाठी ‘एचआय-एक्सएक्स’. फाइल कुलूपबंद असते. ती उघडणारी डिजिटल किल्ली, जिला ‘की’ म्हणतात, वितरकाच्या वतीने येते, ती त्या थिएटरातल्या ठरावीक सर्व्हरपुरती, त्याच आवृत्तीपुरती आणि ठरावीक मुदतीपुरती चालते. त्यामुळे जपानी आवृत्तीची फाइल आलेली असली, तरी तिची की आली नसेल तर खेळ होऊच शकत नाही, आणि प्रेक्षक बसलेले असताना ज्या आवृत्तीची की हाताशी आहे ती लावली जाते. तुमच्या बाबतीत असेच झाले असावे.

म्हणून तिकीट खिडकीवर किंवा ॲपच्या ग्राहकसेवेत विचारू नका, तिथे या गोष्टी माहीत नसतात. खेळाच्या आदल्या संध्याकाळी थिएटरात फोन करून ड्यूटी मॅनेजरना मागा आणि ‘उद्याच्या या खेळासाठी जपानी आवाज, इंग्रजी सबटायटल्स या आवृत्तीची की आली आहे का, प्रोजेक्शनमध्ये विचारून सांगाल का’ असे विचारा. प्रश्न इतका नेमका असला की उत्तरही नेमके येते. वडिलांना ऐकू येत नाही हेही सांगा. मार्च २०२४ मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने श्रवणदोष आणि दृष्टिदोष असलेल्या प्रेक्षकांना थिएटरात चित्रपट पाहता यावा म्हणून मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. लेखी विनंती करताना त्यांचा उल्लेख जरूर करावा.

खेळ मागवण्याचा प्रश्न थिएटरपेक्षा वितरकाच्या हातात जास्त असतो. डब केलेल्या आवृत्तीला सेन्सॉरचे वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते, म्हणून मूळ भाषेतल्या आवृत्तीला भारतात प्रमाणपत्र मिळाले आहे की नाही हे आधी पाहा. मिळाले असेल, तर पंचवीस माणसांची यादी, तारीख आणि दुपारची वेळ असे एकत्र पत्र थिएटरला आणि वितरकाला, चित्रपट लागण्याच्या किमान दोन आठवडे आधी पाठवा. कामाच्या दिवशी दुपारी पडदे रिकामेच असतात, तेव्हा ऐकले जाण्याची शक्यता अधिक.

महोत्सवांपैकी बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत होणारा पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आणि मुंबईतला थर्ड आय आशियाई चित्रपट महोत्सव तुमच्या उपयोगाचे आहेत. तिथले चित्रपट मूळ भाषेत, सबटायटल्ससह असतात. जपान फाउंडेशनचा जपानी चित्रपट महोत्सवही भारतातल्या निरनिराळ्या शहरांत फिरतो, त्यांच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा.

*

धागाकर्ती:

मनापासून आभार. आवृत्तीची की आली आहे का, असे विचारायचे असते हे आजवर कोणीच सांगितले नव्हते. वडिलांना हा प्रतिसाद वाचायला दिला. त्यांनी ‘जेए-ईएन’ हे संक्षेप आपल्या डायरीत उतरवून घेतले आणि पत्राचा मसुदा स्वतः लिहायला घेतला आहे. पत्रावर सही करायला तयार असलेल्या बडोदेकरांनी कृपया निरोपातून कळवावे. चित्रपट कोणता मागवायचा हे सगळ्यांच्या सवडीने ठरवू, पण खेळ दुपारचाच हवा आणि पडदा असा हवा की पुढच्या रांगेतल्या डोक्यांआड सबटायटल्सची खालची ओळ झाकली जाणार नाही.

पुण्याच्या महोत्सवाबद्दल आणखी एक विचारते. तिथे खेळागणिक रांगेत उभे राहावे लागते असे ऐकले आहे. सलग दोन चित्रपटांच्या मध्ये वडिलांना तासभर बसून राहता येईल अशी जागा थिएटरच्या आवारात असते का, आणि ज्येष्ठ नागरिकांना आधी आत सोडतात का? एखादा आठवडा तिथे राहण्याच्या तयारीने यायचे झाल्यास, कोणत्या केंद्रावर जिने कमी आहेत हेही कळले तर तिकिटे त्या हिशेबाने काढता येतील.