माणसाची ‘किंमत’ की माणसाचे ‘मोल’? आणि ‘प्रेम’ की ‘प्रीती’?

प्रश्न:
पुण्यातील आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) मराठी पत्रकासाठी मी एक वाक्य लिहिले आहे: ‘ख्रिस्ती प्रेमामुळे प्रत्येक माणसाची किंमत कळते.’ मंडळीतील एका ज्येष्ठ ताईंनी ‘प्रेम’ खोडून ‘प्रीती’ केले आणि ‘किंमत’ या शब्दाभोवती वर्तुळ काढून पत्रक परत दिले. किंमत, मूल्य, योग्यता आणि मोल यांपैकी येथे कोणता शब्द योजावा, आणि आजच्या वाचकाला ‘प्रीती’ हा शब्द नाट्यगीतातला वाटणार नाही का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर:
ताईंचे वर्तुळ योग्य जागी पडले आहे. ‘किंमत’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द मराठीत बाजारापासून फार दूर गेलेला नाही, आणि माणसाविषयी तो येतो तेव्हा बहुधा नकारातच येतो: ‘घरात त्याला काही किंमत नाही’, ‘तिने मला किंमतच दिली नाही.’ किंमत कोणीतरी ठरवतो, ती चढते आणि उतरते. ‘मूल्य’ निर्दोष आहे, पण थोडा पुस्तकी. ‘योग्यता’ मात्र येथे मुळीच चालणार नाही. शुभवर्तमानातील, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रातील, शताधिपती (रोमी सैन्यातील अधिकारी) येशूला सांगतो, की आपण माझ्या छपराखाली यावे एवढी माझी योग्यता नाही. योग्यता म्हणजे पात्रता, आणि पात्रता पाहून जी दिली जाते तिला ख्रिस्ती विचारात प्रीती म्हणतच नाहीत.

राहिला ‘मोल’. तो ‘मूल्य’पासूनच आलेला, परंतु बोलण्यात पूर्ण मुरलेला आहे. मोलाचा सल्ला, मोलाची मदत, अनमोल ही त्याची एक बाजू. कवडीमोल, मातीमोल ही दुसरी. आणि मोलमजुरी, मोलकरीण या शब्दांत मोल म्हणजे केवळ कामाचा मोबदला. तुकोबांच्या ‘मोलें घातलें रडाया’ या प्रसिद्ध चरणातही मोबदला घेऊन रडणाऱ्याजवळ आसवे नाहीत आणि मायाही नाही. एकाच शब्दात मजुरी आणि अमोलपणा दोन्ही नांदावेत, ही मला अडचण वाटत नाही, कारण येशूनेही बाजाराची भाषा टाळलेली नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन चिमण्या एका दमडीला विकल्या जातात, तर लूकच्या शुभवर्तमानात दोन दमड्यांना पाच. हिशेब केला तर दोन दमड्यांना चार चिमण्या यायला हव्यात. म्हणजे मंडईत भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकते, तशी ही पाचवी चिमणी वर टाकलेली आहे. तिला बाजारात काहीच भाव नाही, आणि नेमक्या त्याच ठिकाणी येशू सांगतो, की त्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही. माणूस चिमण्यांहून अधिक मोलाचा, हे पुढचे वाक्य या पाचव्या चिमणीच्या आधारावर उभे आहे. ती सुटली तर त्यातला जोर निघून जातो.

‘प्रीती’विषयी आपली शंका रास्त आहे, तरीही शब्द बदलू नये असे माझे मत आहे. ग्रीक नव्या करारातील ‘आगापे’ (निरपेक्ष प्रेम) या शब्दासाठी मराठी बायबलात हाच शब्द रूढ झाला असून प्रार्थनेत, उपदेशात आणि गीतांत तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला आहे. त्याचा अर्थ कोशापेक्षा केडगावला जास्त स्पष्ट दिसतो. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदासदन पुढल्याच वर्षी पुण्यात आले; नंतर 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनेक निराधार मुली आणि स्त्रिया आणल्या, आणि पुणे जिल्ह्यातील केडगावी मुक्तिसदन उभे राहिले. तेथील वेगवेगळ्या घरांची नावे लक्ष देऊन वाचावीत. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांच्या घराला कृपासदन म्हटले गेले, तर वृद्ध आणि दुर्बल स्त्रियांच्या घराला प्रीतिसदन. ज्यांच्याकडून कसलेही काम होणे शक्य नव्हते, म्हणजे मजुरीच्या अर्थाने ज्यांना काहीच मोल उरले नव्हते, त्यांच्याच दारावर हा शब्द आला. आपल्या पत्रकात त्याला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

दुसरे मत:
‘करुणा’ आणि ‘भूतदया’ हे आपल्याकडे सर्वांना समजणारे शब्द असताना ‘प्रीती’चा आग्रह कशासाठी? शिवाय ‘मोलकरीण’ या शब्दामुळेच ‘मोल’ मला माणसाच्या बाबतीत खटकतो.

उत्तर:
करुणा थोर आहे, पण ती दुःखाकडे पाहते; समोरचा माणूस सुखात असेल, किंवा नुसताच त्रासदायक असेल, तर करुणेला वाव उरत नाही. दयेत देणारा वर आणि घेणारा खाली असतो. शत्रूवर दया करा असे कोणीही सांगेल. शत्रूवर प्रीती करा हे सांगणे निराळे आहे, कारण त्यात त्याला आपल्या बरोबरीचा मानावे लागते.

‘मोलकरीण’ शब्दाविषयीची आपली खंत मला पटते. परंतु कायद्यात ‘घरेलू कामगार’ हा शब्द आल्यावरही (2008 चा महाराष्ट्राचा अधिनियम) आमच्या सोसायटीच्या फाटकावरील नोंदवहीत नावाच्या रकान्यात ‘बाई, 302’ असेच लिहिलेले असते. पाहुण्याचे आडनावासकट नाव, कुरिअर आणणाऱ्याचेही नाव, आणि रोज येणाऱ्या स्त्रीपुढे घराचा क्रमांक. चांगला मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे योहानाच्या शुभवर्तमानात आहे, आणि मला वाटते की मोल ओळखण्याची सुरुवात त्या रकान्यातच व्हायला हवी. शब्द टाळल्याने तो रकाना भरत नाही.

आता मूळ वाक्याकडे वळू. त्यातील ‘मुळे’ हा प्रत्ययही मी काढीन. ‘प्रीतीमुळे मोल’ म्हटले की आपण प्रीती केली म्हणून समोरच्याला मोल आले, आणि ती आटली की मोलही गेले, असा अर्थ निघू शकतो. ख्रिस्ती श्रद्धेनुसार ते मोल देवाच्या प्रीतीने आधीच दिलेले आहे. आपल्या वाट्याला ते ओळखणे येते. त्यामुळे ‘ख्रिस्ती प्रीती प्रत्येक माणसाचे मोल ओळखते’ असे लिहावे. ‘मोल देते’ लिहू नये. लेखनापुरते एवढेच, की सुटा शब्द ‘प्रीती’ दीर्घ लिहावा, आणि ‘प्रीतिभोजन’सारख्या समासात ‘ति’ ऱ्हस्व ठेवावी.